सव्वा रुपया आणायचा कुठून?



पूजेच्या सामानाची कोणतीही यादी काढून बघा. श्रीफळ, पाच सुपाऱ्या, हळकुंडं, पिवळी मोहरी, नाडा, आणि शेवटी कलशात टाकायला सव्वा रुपया. आमच्याकडे विधान असो की शेजारी सत्यनारायण, यादी सांगणारे वेगळे, मंत्र वेगळे, पण सव्वा रुपया दोन्हीकडे सारखाच.

आता गंमत बघा. ३० जून २०११ पासून सरकारनं पंचवीस पैसे आणि त्याखालची सगळी नाणी चलनातून काढून टाकली. आठ आण्याचं नाणं कायद्यानं आजही चालतं, पण आठ आण्यातून सव्वा कसा करणार? म्हणजे त्या दिवसापासून भारतात चालत्या नाण्यांत सव्वा रुपया मोजून देणं अशक्य झालं आहे. तरी यादी जशीच्या तशी! कुणी देवघराच्या डबीत जुने चार आणे जपून ठेवले आहेत. तेच नाणं दर पूजेला बाहेर येतं आणि पूजा झाली की परत डबीत जातं. कुणी 'सव्वा' म्हणून अकरा रुपये ठेवतं. कुणी रुपयाच्या नाण्यावर एक सुपारी ठेवून सव्वा मानून घेतं.

मी बी.कॉम. केलेली बाई. हिशेब जुळला नाही की मला चैन पडत नाही. या सव्वा रुपयाच्या मागे लागले, तेव्हा छोट्या नाण्यांचा आपल्या बोलण्यात, देवघरात आणि समजुतींत केवढा पसारा आहे ते लक्षात आलं. आणि एक गोष्ट खटकली. छोट्या नाण्याला आपण म्हणींत मान देतो, कलशात मान देतो, आणि बाजारात मात्र त्याचा अपमान करतो. तो अपमान नाण्याचा असता तर मी लिहिलंच नसतं. ज्याच्या हातात ते नाणं असतं, त्याचा तो असतो.

सव्वा म्हणजे काय?

माझं माहेर लातूरचं, सासर नांदेडचं. आप्पा लातूरच्या अडत बाजारात मुनीम होते. तुरीचं, करडईचं पोतं काट्यावरून उतरायच्या आत त्यांचा हिशेब तोंडी तयार असायचा. कारण त्यांच्या पिढीला शाळेत नुसते पाढे नव्हते, तर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी असं सगळं पाठ करावं लागे. सवायकी म्हणजे सव्वाचा पाढा. आमच्या भाषेत पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच या सगळ्यांना स्वतंत्र नावं आहेत, कारण रोजचा बाजार त्याच भागांत चालायचा.

त्यात सव्वाला मान जास्त. पाऊण म्हणजे पूर्णाला कमी. सव्वा म्हणजे पूर्ण होऊन वर पाव उरलेलं. देणाऱ्याचा हात जरा सैल सुटला, अशी ती खूण. 'शेरास सव्वाशेर' म्हणतो तेव्हा तोच पाव जास्तीचा मोजतो. शंभराच्या पाकिटात एक रुपया घालून एकशे एक करतो, त्यामागेही हीच भावना. पूर्ण संख्येवर हिशेब थांबतो. वर एक ठेवला की देणंघेणं पुढे चालू राहतं. आता तर बाजारात रुपयाचं नाणं आधीच चिकटवलेली आहेराची पाकिटं मिळतात. सोय म्हणून चांगलंच आहे.

बाजारात मेलं, तोंडात जगलं

रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, पैशाच्या तीन पै. म्हणजे रुपयाचे चौसष्ट पैसे आणि एकशे ब्याण्णव पै. १ एप्रिल १९५७ ला दशमान पद्धत आली आणि रुपयाचे शंभर 'नवे पैसे' झाले. पुढे १ जून १९६४ पासून त्यातला 'नवे' हा शब्दही काढला. सरकारी कागदावरून आणा संपला. आपल्या तोंडातून संपला का?

'सोळा आणे खरं बोललीस.' 'काम बारा आणे झालंय.' 'चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला.' या शेवटच्या म्हणीची मला फार मौज वाटते. आमच्या जैन घरात कोंबडीचं नाव काढायची सोय नाही, पण ही म्हण माझ्या सासूबाई बिनदिक्कत वापरायच्या. लग्नात जेवणापेक्षा मांडवाचा खर्च जास्त दिसला की हमखास.

यातही एक हिशेब आहे बरं का. एका आण्याचे नव्या पद्धतीत सव्वासहा पैसे होतात. नाणं सव्वासहाचं निघणार नाही, म्हणून दुकानात आण्याचे सहाच धरले जायचे. चवली म्हणजे दोन आण्याचे साडेबारा, तिथेही अर्ध्याचा घोळ. पण चार आण्याचे बरोबर पंचवीस, आठ आण्याचे पन्नास आणि बारा आण्याचे पंचाहत्तर. म्हणून चार, आठ, बारा आणि सोळा आणे आपल्या बोलण्यात तग धरून राहिले, आणि चवली विरून गेली. माझ्या नातीला चवली म्हणजे काय विचारलं तर ती चवळीची शेंग दाखवते.

त्याहून जुनी नाणी अजून घट्ट बसली आहेत. हिशेब 'पै न पै' चुकता करतो. स्वस्त झालेली गोष्ट 'पैशाला पासरी' मिळते. पासरी म्हणजे पाच शेर, हे आज किती जणींना ठाऊक असेल? ज्याला अक्कल नाही त्याची किंमत दिडकीची. कंजूस माणूस दमडी सोडत नाही. भरवशाचा माणूस बंदा रुपया. ज्याच्या नावावर गर्दी होते तो नट चलनी नाणं. ढब्बू पैसा गेला, पण गुबगुबीत बाळाला ढब्बू म्हणणं राहिलं. आणि सगळ्यात शेवटी कवडी. 'कवडीमोल' हा शब्द आपण टोमॅटोचा भाव पडला की वापरतो. पण लातूरहून जवळच तुळजापूर आहे. तिथल्या भवानीचे आराधी, गोंधळी गळ्यात कवड्यांचीच माळ घालतात. बाजारात जिची किंमत शून्य, ती देवीच्या दारी दागिना. शिवराईचंही तसंच. शिवछत्रपतींच्या काळातलं ते तांब्याचं नाणं पेशवाई संपल्यावरही दख्खनच्या बाजारात चालत राहिलं, आणि बाजारातून उठल्यावर कित्येक देवघरांत जाऊन बसलं.

आमच्या मराठवाड्याला तर नाण्यांचा दुहेरी अनुभव. इथे निजामाचं राज्य, त्यामुळे रुपयाही निजामाचा. त्याला हाली म्हणत. इंग्रजांचा रुपया तो कलदार. साधारण सात हाली म्हणजे सहा कलदार असा भाव. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान भारतात आलं, तरी हाली लगेच गेला नाही. काही वर्षं दोन्ही रुपये शेजारी शेजारी नांदले, आणि १९५९ साली तो कायमचा संपला. माझी आजी जुनी किंमत सांगायला लागली की आप्पा आधी विचारायचे, "हाली की कलदार?" आजीच्या मुलखात दोन माणसं एकाच शब्दानं दोन वेगळ्या किमती बोलत असायची. म्हणून असेल, पण आमच्याकडची जुनी माणसं नाणं हातात घेतलं की एकदा दगडावर वाजवून बघायची. खणखणीत वाजलं तर खरं. 'खणखणीत नाणं' हा शब्द आपण माणसाला लावतो तो तिथूनच.

सिनेमातही हीच कथा. 'चलती का नाम गाडी' हा किशोरकुमारचा सिनेमा १९५८ चा, म्हणजे दशमान पद्धत सुरू झाल्यानंतरचा. पण त्यातलं बिल आण्यातच मागितलं गेलं, आणि त्या गाण्यातले पाच रुपये बारा आणे आजही लोकांच्या तोंडी आहेत. १९७५ साली एकाच वर्षात दोन नाणी गाजली. 'शोले'मधलं जयचं नाणं, ज्याच्या दोन्ही बाजू सारख्या. आणि 'जय संतोषी माँ'च्या पडद्यावर बायकांनी श्रद्धेनं उधळलेली चिल्लर. संतोषी मातेच्या व्रताला गूळ-फुटाण्यांचा प्रसाद, तोही सव्वा आण्याचा किंवा सव्वा रुपयाचा. पुन्हा सव्वा!

ज्या पन्नास पैशांवर गाव ठरतं

आता जरा गंभीर गोष्ट. मराठवाड्यात राहून ती टाळता येत नाही.

सप्टेंबर संपत आला की आमच्या वर्तमानपत्रांत पैसेवारीच्या बातम्या सुरू होतात. जुनी माणसं तिला आणेवारीच म्हणतात. गावातले नमुन्याचे प्लॉट घ्यायचे, तिथे पीक किती आलं ते मोजायचं, आणि ठरलेल्या प्रमाण उत्पादनाशी ताडून पाहायचं. पूर्ण पीक म्हणजे रुपया. निम्मं आलं तर पन्नास पैसे. सप्टेंबरअखेर नजरअंदाज, ऑक्टोबरअखेर सुधारित, आणि डिसेंबरात अंतिम. पन्नासच्या खाली गाव आलं की ते टंचाईत धरलं जातं आणि सवलतींचा विचार होतो. जमीन महसुलात सूट, कर्जवसुलीला स्थगिती, पंपाच्या वीजबिलात सवलत, मुलांची परीक्षा फी माफ. २०१६ साली केंद्रानं दुष्काळ ठरवायची नवी संहिता आणली. त्यात पाऊस, जमिनीतली ओल, उपग्रहावरून दिसणारी हिरवळ असे निकष आले. तरी आमच्याकडे 'पैसेवारी किती लागली?' हा प्रश्न सुटलेला नाही.

मला यातला विरोधाभास बघवत नाही. पन्नास पैशांचं नाणं दुकानदार हातात घेत नाही, भिकारीसुद्धा परत करतो म्हणतात. पण एकोणपन्नास पैसे की एक्कावन्न, या दोन पैशांत सोयाबीन वाळलेल्या माणसाचं अख्खं वर्ष अडकून पडतं. ज्या लातूरनं २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी भरलं, त्या लातूरच्या मुलीला दोन पैसे म्हणजे किरकोळ असं कुणी सांगू नये.

आणि एक आठवा. पावसाला पैसा देऊ करणारं ते बडबडगीत आपण सगळ्यांनीच पोरांना मांडीवर घेऊन म्हटलं आहे. त्यात पैसा खोटा निघतो आणि तरीही पाऊस मोठा येतो. मराठवाड्याच्या आईला ते गाणं म्हणताना मनात काय येत असेल? खोट्या पैशाला भुलून का होईना, ये रे बाबा!

समजुतींची खतावणी

नाण्यांभोवतीच्या समजुती आपल्या घरांत ढिगानं आहेत. सगळ्यांना अंधश्रद्धा म्हणून झाडून टाकणं मला पटत नाही, आणि सगळ्यांना परंपरा म्हणून डोक्यावर घेणंही पटत नाही. मी आपली वहीतल्यासारखी तीन खाती पाडली.

पहिलं खातं जमेचं. नाण्याला पाय लागला की आपण वाकून ते उचलतो आणि कपाळाला लावतो. ओटीत खण-नारळाबरोबर नाणं घालतो. पूर्वी कित्येक बायकांच्या हातात स्वतःचा म्हणून यायचा तो एवढाच पैसा. कुणाला हिशेब द्यायचा नाही असा. भाजीवाली पहिल्या गिऱ्हाइकाचं नाणं डोळ्यांना लावते, 'भवानी झाली' म्हणते. कष्टाच्या पहिल्या पैशाला केलेला तो नमस्कार आहे. हे सगळं राहावं.

दुसरं खातं निरुपद्रवी गोष्टींचं. १९६८ ते १९७१ च्या काळातलं पिवळं धमक, कमळाचं चित्र असलेलं वीस पैशांचं नाणं कित्येक घरांत लक्ष्मीपूजनाला निघतं. त्यात सोनं आहे अशी अफवा होती. सोनंबिनं काही नाही, पितळेसारखाच धातू. पण कमळ आहे आणि रंग सोन्याचा आहे, म्हणून बायकांनी जपलं. जपू द्या. इंग्रजांच्या शेवटच्या काळातला भोकाचा पैसा बाळाच्या करदोट्यात ओवायचे. त्यानं दृष्ट टळत नसेल, पण आजीच्या मनाला बरं वाटायचं. बाळाच्या तोंडात जाणार नाही एवढं बघितलं म्हणजे झालं.

तिसरं खातं बुडिताचं. यात दुसऱ्याचं नुकसान आहे, म्हणून इथे मी जरा स्पष्ट बोलणार आहे.

एक, दिवेलागणीला पैसे देऊ नयेत ही समजूत. मंगळवारी, शुक्रवारी तर मुळीच नाही, लक्ष्मी घराबाहेर जाते म्हणे. कामाच्या मावशी महिनाभर राबून संध्याकाळी पगार मागतात आणि त्यांना सांगितलं जातं, 'दिवा लागलाय, उद्या या.' उद्या शुक्रवार निघाला की परवा. हे मी एका घरात नाही, अनेक घरांत बघितलं आहे. अहो, त्यांच्या घरी दिवा लागायचा आहे तो याच पैशांतल्या तेलानं! कुणाची मजुरी अडवून आपल्याकडे लक्ष्मी थांबते, असं कोणत्या शास्त्रात लिहिलंय? आपल्या कर्मसिद्धांतात तर याला जागाच नाही. शुभ-अशुभ आपल्या परिणामांत असतं, घड्याळात नसतं.

दोन, नदीत पैसे टाकणं. गोदावरीच्या पुलावर गाडी आली की डब्यातले हात खिडकीबाहेर जातात. तांब्याच्या नाण्यानं पाणी शुद्ध व्हायचं, असं मोबाइलवर फिरणारं समर्थन मीही वाचलं आहे. पण आजची एक-दोन रुपयांची नाणी तांब्याची नाहीत, पोलादाची आहेत. म्हणून तर घाटावरची मुलं दोरीला लोहचुंबक बांधून पाण्यात सोडतात आणि नाणी वर काढतात. तो रुपया त्या मुलाच्या हातात सरळ द्यायला काय हरकत आहे? त्याला पाण्यात उतरायला लावून मग का द्यायचा?

तीन, नवी अंधश्रद्धा. 'दहाचं नाणं चालत नाही.' याला ना पोथीचा आधार ना पुराणाचा, निव्वळ अफवा. कधी त्यावर रुपयाचं नवं चिन्ह नाही म्हणून खोटं, कधी त्यावरच्या रेघा मोजून खोटं. रिझर्व्ह बँकेनं १७ जानेवारी २०१८ ला जाहीर सांगितलं की दहाच्या नाण्याचे तोवर निघालेले चौदाही प्रकार खरे आहेत आणि चालतात. २०११ च्या नाणे कायद्यानं रुपया आणि त्यावरची नाणी एका व्यवहारात एक हजार रुपयांपर्यंत, आणि आठ आण्याची नाणी दहा रुपयांपर्यंत देता येतात. एवढं स्पष्ट असूनही आमच्या नांदेड-लातूरच्या बाजारात आजही 'मावशी, नोट द्या' हे ऐकावं लागतं. मी वाद घालू शकते. मला कायदा माहीत आहे, आणि माझ्या पर्समध्ये नोटही असते. पण कोथिंबिरीच्या चार जुड्या विकून ज्या आजीबाईच्या पदराच्या गाठीत दहाची पाच नाणी जमली, तिनं काय करायचं? तिला औषधाच्या दुकानात 'चालत नाही' म्हटलं की तिचे पन्नास रुपये तिथल्या तिथे शून्य होतात. मुहूर्त बघणाऱ्या बायकांना हसणारी सुशिक्षित माणसं ही अफवा मात्र डोळे मिटून पाळतात.

चार, आणि हे आपल्या मंदिरातलं. जे नाणं बाजारात चालत नाही ते भांडारपेटीत टाकायची एक जुनी खोड आहे. गुळगुळीत झालेलं, वाकलेलं, बंद पडलेलं नाणं देवाला. पेटी उघडून मोजायला बसणाऱ्यांना विचारा, काय काय निघतं ते. स्वाध्यायात आपण अचौर्य अणुव्रताचे पाच अतिचार शिकतो. त्यात मापात कमी-जास्त करणं आहे, तसंच प्रतिरूपक व्यवहारही आहे. चांगल्यात खोटं मिसळणं, खोटं ते खरं म्हणून पुढे करणं. आपल्या आचार्यांनी व्यापाऱ्यांचा समाज डोळ्यांपुढे ठेवून ही यादी केली असणार. भगवंताला तर काहीच नको असतं, ते वीतराग. मग ती फसवणूक कुणाची होते? ज्या पाठशाळेचा, ज्या भोजनशाळेचा खर्च त्या पेटीतून चालतो, तिची. आणि आपली स्वतःची.

नारळ आणि सव्वा रुपया

एका गोष्टीला कोणत्या खात्यात टाकावं ते मला कळेना. 'आम्हाला काही नको, नारळ आणि सव्वा रुपयावर मुलगी द्या.' हे वाक्य एके काळी खरोखर मोठं होतं. सव्वा रुपयावर झालेलं लग्न म्हणजे हुंडा नाही, देणंघेणं नाही, फक्त दोन घरांचा शब्द. आमच्या समाजात अशी लग्नं झाली आहेत आणि आजही होतात. त्यांना हात जोडून नमस्कार.

पण हल्ली हे वाक्य पुष्कळदा नुसतं बैठकीतलं असतं. ताटात नारळ आणि सव्वा रुपया ठेवायचा, फोटो काढायचा, आणि मग हळूच सांगायचं की कार्यालय मोठं हवं, पाहुणे सातशे आहेत, मुलाला गाडीची आवड आहे. मैत्रिणींनो, खोटं नाणं म्हणतात ते हेच. सव्वा रुपयाचं नाव घ्यायचं असेल तर सव्वा रुपयातच थांबावं. ज्या बापाची पैसेवारी पन्नासच्या खाली गेली आहे, त्याच्या दारात तरी हे नाटक करू नये.

आपण काय करू शकतो?

कुणी म्हणेल, आता तर सगळं मोबाइलवर आहे, नाण्यांचं काय घेऊन बसलात? खरंय. आणि त्यात एक मौजही आहे. २०१६ पासून यूपीआय आलं आणि सव्वा रुपया पुन्हा जन्माला आला! फोनवरून एक रुपया पंचवीस पैसे बरोबर पाठवता येतात. नाण्यांत जे जमत नाही ते पडद्यावर जमतं. पण कलशात फोन टाकता येत नाही, आणि नातीच्या मुठीत फोनमधले पंचवीस पैसे ठेवता येत नाहीत. ज्यांच्याकडे असा फोन नाही त्यांचं जग अजून नाण्यांवरच चालतं.

म्हणून माझी साधी सूचना. पूजेला डबीतलं मेलेलं नाणंच हवं असा हट्ट नको. चालता रुपया ठेवा, दोनचं ठेवा, दहाचं ठेवा. पूजा झाली की ते त्याच दिवशी कुणाच्या तरी हातात जाऊ द्या, म्हणजे सव्वामधला तो जास्तीचा पाव खराच घराबाहेर पडेल. सोळाकारण भावनांमध्ये एक भावना आहे शक्तितस्त्याग, आपल्या शक्तीप्रमाणे देणं. रुपयाचे आणे सोळा आणि आपल्या भावनाही सोळा, असं आमच्या सासूबाई हसून म्हणायच्या. शक्तीप्रमाणे म्हटल्यावर रुपयाही लहान नसतो आणि लाखही मोठे नसतात. मात्र जे द्यायचं ते चालणारं हवं आणि वेळेवर हवं.

आणखी दोन कामं या आठवड्यात करता येतील. घरात डब्यांत, फडताळात, गाडीच्या खणात पडलेली चिल्लर एकत्र करा. माझ्याकडे मिसळणाच्या डब्यामागे, कपाटात आणि जुन्या पर्समध्ये मिळून चारशे अठरा रुपये निघाले. ती नाणी भाजीवालीला, किराणावाल्याला सुटे म्हणून द्या. सुट्यांसाठी त्यांची रोज अडचण होते, आणि आपण ती डब्यात कोंडून ठेवतो. अपरिग्रहाची सुरुवात करायला याहून सोपी जागा सापडायची नाही. आणि दुकानात कुणा म्हातारीचं दहाचं नाणं परत केलं जात असेल, तर 'चालतं हो, घ्या' एवढं मोठ्यानं म्हणा. तरीही नाही घेतलं, तर ते नाणं आपण घ्या आणि तिला नोट द्या. मी गेली दोन वर्षं हेच करते आहे. एकही नाणं माझ्याकडे पडून राहिलेलं नाही.

जय जिनेंद्र.